टाचलेली चिंधी

लेकीने पसंत केलेला मुलगा पहिल्यांदाच घरी आला होता. तिच्याच प्रयोगशाळेतला. तिच्या शिंपी बाबांना तो हौसेने सांगत सुटला, "जिवाणू हल्लेखोर विषाणूचा तुकडा जपून ठेवतो. विषाणू पुन्हा आला, की तुकडा जुळवून पाहतो आणि कापतो. तीच कात्री आम्ही जनुकातली चूक दुरुस्त करायला वापरतो."

बाबांचं लक्ष त्याच्या दुमडलेल्या बाह्यांकडे. त्यांनी मापांची जुनी वही काढली आणि पानाला टाचलेली चिंधी त्याच्या शर्टाला लावून पाहिली.

"नुसतं माप पाठवून शर्ट शिवून घेणारा, आणि बाही लांब झाली म्हणून फोनवर मला झाडणारा तूच ना?"

बाबांनी कात्री उचलली.



"शर्ट काढा, जावईबापू. बाही खरंच बोटभर लांब शिवली होती मी."