डावी मागची बाजू

बाईंची जीप मागून डावीकडे झुकायची. आधी कमानपाटे बदलले. मग त्या बाजूचा पाटा चासीला टांगणारा शॅकल इंचभर जास्त लांबीचा निवडला. जीप तेवढीच कललेली. आज दोन इंचांनी लांब बसवला, बोल्ट आवळले, जॅक काढला आणि चाकापासून मडगार्डपर्यंत टेप लावला. डावी बाजू होती तिथेच. तीस वर्षांत कुठल्या गाडीने माझी अशी शोभा केली नव्हती. जीपमध्ये सामान नसतं. नवरा गेल्यापासून बाई एकट्याच चालवतात. वैतागून मी मागचं दार उघडलं आणि मोजताना गिऱ्हाइकांना सांगतो तसं रिकाम्या सीटला म्हणालो, "साहेब, जरा उतरता का?" पाटे करकरले. डावी बाजू सावकाश वर आली, उजवीपेक्षा बोटभर उंच. गॅरेजच्या दाराशी बाकावर बसलेल्या बाई उठल्या. "माप झालं ना, मिस्त्री? मग बसू द्या यांना. फार वेळ उभं राहवत नाही."