कावळ्याला दिलेला शब्द

कावळा शिवत नव्हता. यशोदाबाईचा दहावा होता. पांझरा नदीच्या कोरड्या वाळूत पिंड मांडला होता, समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते आणि ऊन माथ्यावर आलं होतं.

गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलं असेल, तर ते पुरं करायचा शब्द मागच्यांनी द्यायचा. मग कावळा उतरतो. म्हणून एकेक जण पुढे येऊ लागला.

"वहिनी, धाकलीनं लगीन आम्ही करी देसूत!" नणंद भिकुबाई ओरडली. कावळे हलले नाहीत.

"अक्का, तुनी म्हैस आम्ही इकनार नही!" भाऊ अभिमन म्हणाला. एका कावळ्याने चोच फांदीवर घासली.

सरपंच पितांबर नाना घसा साफ करून म्हणाले, "तुमच्या गल्लीत नळ येईल. पुढच्या महिन्यात."

"नाना, ती जित्ती व्हती तवयपासून हाईच सांगी ऱ्हायनात तुम्ही," भिकुबाई म्हणाली. कावळा आणखी वरच्या फांदीवर गेला.

नवरा रुपचंद तेवढा मागे उभा होता. तिच्या मनात काय राहिलंय ते त्याला ठाऊक होतं, पण चारचौघांत सांगायची लाज वाटत होती.

यशोदाबाईच्या घशात गाठ होती. शेवटी शेवटी पेजही उतरत नव्हती. ती खाटेवर पडून टीव्ही बघायची. त्या वर्षी बातम्यांत सुदान दिसायचं. हाडं वर आलेली पोरं दिसायची. तिथे पाऊसही कमी झाला होता, पण खरी गोष्ट लढाईची होती. धान्य तयार होतं, विमानं तयार होती, आणि बंदुकवाले ती उतरू देत नव्हते. एकदा तिने रुपचंदला जवळ बोलावलं आणि कसंबसं विचारलं, "मना घसामा गाठ शे. त्या पोऱ्यासना घसामा काय शे?"

रुपचंदने टीव्हीकडे पाहिलं.

"धान्य पोचू द्या, आसं कोनीतरी सांगाले पाह्यजे," ती म्हणाली. त्यानंतर ती फारसं बोललीच नाही.

रुपचंद वाळूत पुढे गेला. त्याने हात जोडले. "सुदानमा भुक्या पोऱ्यासले धान्य पोचू देत नही. ते पोचू द्या, आसं आम्ही सारा जगले सांगसूत. बठ्ठा गाव सांगी."

बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर होता. मागून बाकीचेही उतरले.

लोकांनी सुस्कारा सोडला. मग एकाने हळूच विचारलं, "सुदान कोठे शे?"

"धुळ्याच्या पलीकडे," नाना म्हणाले.

जिवंत माणसाला दिलेला शब्द पुढच्या महिन्यावर ढकलता येतो. मेलेल्याला दिलेला येत नाही. तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्याच दिवशी गाव ट्रॅक्टरांत बसून धुळ्याला निघालं. कलेक्टर कचेरीतल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, हा देश आपल्या जिल्ह्यात येत नाही."

"ते आम्हाला माहीत आहे, साहेब," रुपचंद म्हणाला. "पण कावळा आपल्या जिल्ह्यातला आहे."

साहेब हसले नाहीत. त्यांनीही घरच्या दहाव्याला कावळ्याची वाट पाहिली होती. त्यांनी रुपचंदला खुर्ची दिली. "मी वर कळवतो. मुंबई दिल्लीला सांगेल. दिल्ली जगाला सांगेल."

"लवकर सांगायला लावा," भिकुबाई दारातून म्हणाली. "वर्षश्राद्ध येतंय."

वर्षश्राद्ध आलं. रुपचंदने कौलांवर पान ठेवलं. दुपार टळली, भात वाळला, कावळा फिरकला नाही.

"दादा, आते दुसरं काही कबूल कर ना," भिकुबाई म्हणाली. "जमंल आसं काही."

"तिनं दुसरं काही मांगेल नव्हतं," रुपचंद म्हणाला, आणि अंगणात वर बघत बसला.

धाकट्या मुलीचं लग्न झालं होतं. म्हैस दावणीला होती. कावळ्याच्या धाकाने नानांनी नळही आणला होता, त्याला पाणीसुद्धा येत होतं. सुदानमधली लढाई चालूच होती, आणि पोरांचं धान्य अजून अडवलं जात होतं.