हिरवा बिल्ला

“तपासणी माझी आहे. हे नुसते सोबत आलेत,” आजींनी टेबलापाशी सांगितलं. तेही इतक्या मोठ्यांदा, की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही त्यांच्या तब्येतीची काळजी वाटावी.

टेबलामागच्या बाईंनी आजींना पिवळा बिल्ला लावला आणि आजोबांना हिरवा. पिवळा म्हणजे विसरायला लागलेलं माणूस, हिरवा म्हणजे त्याला सांभाळणारं. वार्धक्यावरच्या संशोधनात एवढी शिस्त लागतेच. पिवळ्यांनी डावीकडच्या खोलीत जायचं, हिरव्यांनी उजवीकडच्या.

आजी गडबडल्या. सगळे एकत्रच बसतील असं त्या धरून चालल्या होत्या. आम्हाला वेगळं करू नका, असं त्या म्हणेपर्यंत आजोबा कडक इस्त्रीचा कोट सावरत उजवीकडे निघालेही. मागून येणाऱ्या एका बाईसाठी त्यांनी दार धरून ठेवलं. असा नवरा असूनही आजींना कुरकुर सुचते, याचं टेबलामागच्या बाईंना नवल वाटलं. त्यांचा नवरा दार धरत नसे.

डावीकडे एक तरुण डॉक्टरीणबाई तपासणी घेत होत्या. प्रकल्पाच्या प्रमुख प्राध्यापकांनी त्यांच्याकडून एक नियम घोकून घेतला होता. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालायचा नाही. हो म्हणायचं आणि विषय बदलायचा.

“ते एकटे आहेत तिकडे,” आजी म्हणाल्या.

“एकटे कुठले? चांगला घोळका आहे. चहा पितायत. आज वार कोणता, आजी?”

“त्या खोलीला बाहेर जायला दुसरं दार आहे का?”

डॉक्टरीणबाईंनी वारापुढे शून्य मांडलं.

“मघाशी टेबलापाशी मी जे बोलले ना, ते त्यांच्या कानावर पडावं म्हणून...”

“हो ना, बरोबर. आता मी तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवायचे हं. चमचा, खिडकी, पोपट.”

“बाई, पाया पडते तुमच्या. मला नुसतं त्यांच्या शेजारी बसू द्या. तोंडातून चकार शब्द काढणार नाही.”

“बसायचंय ना, बसू या. शब्द कोणते होते?”

आजींना एकही सांगता आला नाही. त्या दाराकडे बघत होत्या. शेजारच्या खुर्चीवरचे काका मदतीला धावले. माझ्याही डोक्याला काही झालेलं नाही, बिघाड आहे तो सुनेच्या डोक्यात, आणि मी इथे इमारतीची पाहणी करायला आलोय, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाई त्यांनाही हो म्हणाल्या. आजींनी काकांकडे पाहिलं, स्वतःच्या बिल्ल्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

उजवीकडे प्राध्यापक स्वतः बसले होते. उभा जन्म त्यांनी सांभाळणाऱ्यांच्या थकव्यावर लिहिलं होतं. कुणाला सांभाळायची वेळ न आल्यामुळे ते अजून टवटवीत होते. सगळ्यांनी मन मोकळं करायचं होतं. एका सुनेने सासूबद्दल सांगितलं, एका मुलाने वडिलांबद्दल. आजोबांनी चहा घेतला, आजचा हा पहिलाच म्हणून वाखाणला, आणि दुसरा आला तेव्हा त्याचंही तितक्याच मनापासून कौतुक केलं. अशी जुनी रीतभात आता कुठे राहिली, असं प्राध्यापक हळूच म्हणाले.

मग आजोबांची पाळी आली. ते आढेवेढे घेत होते. प्राध्यापकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“काय सांगू,” आजोबा म्हणाले. “घराला सारखं कुलूप. चाव्या सापडतील तर शपथ. रात्री पाणी प्यायला उठावं, तर मागे कुणीतरी उभं. मनासारखं चार पावलं चालायची सोय राहिली नाही. आणि सकाळी डोळे उघडले की समोर ती. बघत राहतो. वाटतं, ही बाई कोण?”

सुनेने डोळे पुसले. असंच होतं हो, ती म्हणाली, आपलंच माणूस परकं होऊन बसतं. प्राध्यापकांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. एवढ्या वर्षांत थकव्याची अशी सरळ व्याख्या त्यांना साधली नव्हती.

त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. “आजोबा, आजचा दिवस तुमचा. उठा, फिरून या. आजींना आम्ही सांभाळतो.”

“जाऊ?” आजोबांचा चेहरा उजळला. “खरंच जाऊ? कुणी रागावणार नाही ना?”

सगळे हसले. प्राध्यापकांनी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. एखाद्याचं ओझं असं आपल्या डोळ्यांदेखत उतरताना बघायचं भाग्य संशोधकाला क्वचितच लाभतं.

डावीकडच्या खिडकीतून आवार दिसत होतं. आवारातून आजोबा फाटकाकडे निघाले होते, हात हलवत, मजेत. आजी उठल्या तशी खुर्ची मागे पडली. त्यांनी काचेवर थापा मारल्या. खिडकी उघडणारी नव्हती. आजोबांनी मागे पाहिलं नाही.

“त्यांना थांबवा,” आजी म्हणाल्या. “काहीही लिहा माझ्या नावावर. पण त्यांना थांबवा.”

“हो, थांबवू या हं,” डॉक्टरीणबाईंनी त्यांना खांद्यांना धरून हळूच खुर्चीत बसवलं. “आता हे चित्र बघा बरं. कसलं आहे?”

फाटकापाशी आजोबा थांबले. हिरवा बिल्ला काढून त्यांनी वॉचमनच्या हातात ठेवला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि जरासे हिरमुसले.

“शाळा सुटली, तरी आई न्यायला आली नाही अजून,” ते म्हणाले. “असू दे. मला रस्ता माहीत आहे.”