आधी दार ठोठावा

“तीन पांघरुणं नव्हती, दोनच होती,” आक्का प्रेक्षक गॅलरीत बसल्या बसल्या पुटपुटल्या.

भाचीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. खाली सभागृहात आमदार बोलत होते. आवाज असा लावला होता, की मागच्या बाकांवर पेंगणारेही सरळ होऊन बसले होते. ऐन थंडीत एका एकट्या म्हातारीची वीज तोडली, खोलीतला हीटर विझला, तीन पांघरुणांतही ती गारठली, आणि सकाळी तिला स्ट्रेचरवरून चार जिने खाली आणावं लागलं, असं ते सांगत होते.

“मी स्वतः तिथे उभा होतो,” आमदार म्हणाले. “त्या माउलीचा चेहरा झाकलेला होता.”

“उभा कुठला? गाडीत बसला होता,” आक्का म्हणाल्या. “आपल्या शिंप्यानं खिडकीतून पाहिलं ना. काचसुद्धा अर्धीच खाली केली होती.”

मतं मागायला मात्र हाच माणूस चारही जिने चढून आला होता. स्वयंपाकघरात बसून चहा प्यायला, आई आई म्हणत पाया पडला. आता त्याची नजर बोलता बोलता गॅलरीवरून फिरली, आक्कांवरूनही फिरली आणि पुढे निघून गेली.

विधेयकाचं नाव लांबलचक होतं. लोक त्याला ‘आधी दार ठोठावा’ म्हणत. कुठल्याही घराची वीज तोडण्याआधी खात्याच्या माणसाने त्या घरी जावं, आत कोण आहे ते डोळ्यांनी बघावं. म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर थंडी सरेपर्यंत वीज तोडू नये, एवढंच त्यात होतं.

एवढ्याशा गोष्टीला कायदा लागावा, याचाच आक्कांना संताप येई. त्यांच्या तरुणपणी वीज तोडायला माणूस यायचा. खांद्यावर शिडी, मान खाली. दार उघडल्यावर आत कुणी अंथरुणावर दिसलं की तो डोकं खाजवायचा. घरी कुलूप होतं असं वर सांगतो, म्हणायचा, तुम्ही तेवढ्यात काहीतरी बघा. लाज दोन्हीकडे होती. आता जिना चढायला कुणी येतच नाही. कुठल्याशा कचेरीत एक बटण दाबलं की इकडे घर विझतं. माणूसच मध्ये नाही, तर लाज वाटायची कुणाला?

तेव्हा कायदा हवाच होता. आक्कांचं भांडण कायद्याशी नव्हतं, कायदा आणणाऱ्याशी होतं. आमदारांची ही गोष्ट गावभर झाली होती. वर्तमानपत्रांत आली होती. आज भर सभागृहात उठून उभं राहायचं आणि हा माणूस थापा मारतो आहे असं सांगायचं, हे त्या सकाळीच ठरवून निघाल्या होत्या. बसमध्ये भाचीने परोपरीने समजावलं होतं. मतं अगदी काठावर आहेत, समोरचे दोन-चार जण या गोष्टीनेच विरघळून इकडे आलेत, गोष्ट खोटी पडली की तेही फिरतील, असं तिचं म्हणणं.

“जगाला सांगतो आधी दार ठोठावा,” आक्का तिच्या कानाशी म्हणाल्या. “त्या दिवसानंतर यानं स्वतः कधी ठोठावलं का गं आमचं दार?”

“नाही ठोठावलं. पण शिंपीकाकांचं काय?”

शिंपीकाका आक्कांच्या खालच्याच मजल्यावर राहत. उभी गल्ली ज्याने शिवलेले कपडे घालून लग्नाला उभी राहिली, तो माणूस आता श्वासाच्या यंत्रावर झोपत होता. यंत्र विजेवर चालायचं, आणि वीज तोडण्याची नोटीस परवाच त्यांच्या दाराला चिकटली होती.

खाली वीजमंत्री उत्तराला उठले. उठतानाच हसत होते.

“प्रत्येक विधेयकाला एक म्हातारी लागतेच,” ते म्हणाले. “सन्माननीय सदस्यांनी सांगावं, अशी कुणी बाई होती तरी का? आणि असलीच, तर थंडीत म्हातारी माणसं जातातच. त्यात तारेचा काय दोष?”

त्यांच्या बाजूचे बाक खदखदले. कुणीतरी टेबलही बडवलं.

आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या कठड्याला धरून त्या अर्ध्या उठल्या. भाचीने या वेळी अडवलं नाही, नुसतं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एका वाक्यात आमदाराची जिरली असती, आणि त्याच वाक्याने मंत्र्याचं फावलं असतं. शिंपीकाकांचं यंत्र मात्र बंद पडलं असतं.

आक्का खाली बसल्या. ओठ असे आवळले की ते पांढरे पडले.

मतदान झालं. हात वर झाले, मोजले, पुन्हा मोजले. थोडक्यात, पण विधेयक मंजूर झालं. भाचीने आक्कांचा हात घट्ट दाबला. आक्कांनी डोळे मिटून घेतले. शिंपीकाका या थंडीत तरी सुखाने झोपणार होते.

तेवढ्यात आमदार पुन्हा उठले. डोळे पुसून त्यांनी विनंती केली, की त्या दुर्दैवी माउलीला सभागृहाने उभं राहून श्रद्धांजली वाहावी. अध्यक्षांनी मान डोलावली. खुर्च्या सरकल्या. सगळे उठले, मघाशी हसणारे मंत्रीही कोट सारखा करत उठले. गॅलरीतली माणसं उठली. भाचीही गोंधळून उठली.

आक्का तेवढ्या बसून राहिल्या. गॅलरीतला पहारेकरी वाकून त्यांच्याजवळ आला.

“आजी, उभ्या राहा,” तो कुजबुजला. “त्या बिचारीसाठी एवढं तरी करा.”

“अरे बाबा,” आक्का हळूच म्हणाल्या, “स्वतःच्याच श्रद्धांजलीला माणसानं उभं राहायचं असतं का?”