पहिला फ्लॅट

पिंपळगावच्या गोरक्षने गुंतवणूक म्हणून आयुष्यातला पहिला फ्लॅट घ्यायचं ठरवलं होतं. नाशिकला इंदिरानगरमध्ये एक जुना फ्लॅट स्वस्तात मिळत होता. एजंट खाली गाडी लावत होता, तोवर गोरक्ष एकटाच वर गेला. दार भाडेकरू बाईंनी उघडलं. सत्तरीच्या उज्वलाबाई तिथे एकट्याच राहत होत्या.

"पहिल्यांदाच घर घेताय का?" त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला.

"मग हे बघा," म्हणत त्यांनी बाथरूमच्या भिंतीतली ओल दाखवली. दर उन्हाळ्यात बोअर आटतो, हेही सांगितलं. "सोसायटीचे कागद आधी वकिलाला दाखवा. आणि एकदा पावसाळ्यात येऊन बघा, मगच टोकन द्या."

गोरक्ष हसला. "मावशी, मी खेड्यातला असलो तरी एवढं कळतं मला. तुम्हाला घर सोडायचं नाय, म्हणून त्यात खोट काढताय ना?"

उज्वलाबाई पुढे झाल्या. त्यांनी आतल्या खोलीचं दार उघडलं. आत सुतळीने बांधलेली खोकी एकावर एक रचलेली होती आणि गादीसुद्धा गुंडाळून ठेवलेली होती.

"दुपारी टेम्पो येतोय. लेकीकडे चाललेय, कायमची."

गोरक्षचे कान तापले. "मावशी, चुकलं माझं," एवढंच तो कसंबसं बोलला.

"असू द्या हो," त्या म्हणाल्या. "कपबशा बांधून झाल्यात, नाहीतर चहा दिला असता तुम्हाला."