कोरी जाळी

खंडेनवमीच्या पूजेला कंपनीने आम्हा दोघांना मुद्दाम बोलावलं. वारसा दालनात जुना पॉवर प्रेस नवा हिरवा रंग देऊन मांडला होता. त्यानेच ह्यांचा उजवा पंजा नेला, आणि कंपनी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ म्हणून मोकळी झाली.

“काकू, तुमच्या उपासाचा फराळ वेगळा ठेवलाय,” धाकटे मालक म्हणाले. “पहिलं कुंकू तुम्ही लावा. फोटो छापू, ‘आमचं कुटुंब’ म्हणून.”

मी ताम्हन उचललं. प्रेसच्या तोंडावर कोरी जाळी चमकत होती.

“ही जाळी आधी काढा,” मी हळूच म्हणाले.

“का? सेफ्टीसाठीच असते ती.”

“त्या दिवशी नव्हती. ह्यांनी मागितली, तर तुमचे वडील म्हणाले, ‘बांगड्या भर.’”

“अगं, सणाचा दिवस आहे,” हे पुटपुटले आणि उजवी बाही खिशात कोंबू लागले.

तो हात मी बाहेर ओढला, बाही वर सारली आणि बोथट मनगटावर हळद-कुंकू वाहिलं.

“आज पोट भरणारं हत्यार पुजायचं असतं. आमचं हे होतं,” मी मालकांना म्हटलं. “काढा आता फोटो.”