चार्जिंग होईपर्यंत

"चार्जिंग होईपर्यंत बस, आई. निघताना हाक मारतो," असं सांगून लेक अंगणात गेला, आणि अनसूयाबाई तयार होऊन ओसरीवर टेकल्या. दृष्टी गेल्यापासून त्यांचा सगळा भरवसा कानांवर. लेकाच्या नव्या विजेवरच्या पिकअपमधून सगळं घर तुळजापूरला निघालं होतं. देवीच्या ओटीचा नारळ मांडीवर धरून त्या नामस्मरण करत राहिल्या.

अंगणातला पोरांचा गलका थांबला. सामान भरत असतील, त्यांना वाटलं. जुनी जीप निघाली की अख्खी आळी जागी व्हायची. या गाडीचा तर काहीच आवाज आला नव्हता, म्हणजे उभीच असणार. पायांवरचं ऊन गुडघ्यांवर आलं, तरी त्यांनी हाक मारली नाही. लेक चिडला असता.

शेजारची कुंदा धुणं वाळत घालायला आली. "काकू, तुम्ही नाही गेलात? गाडी कधीच गेली की!"

नारळ त्यांनी पदराखाली घेतला.

"मीच नको म्हणाले गं. एवढा प्रवास झेपत नाही आता."

"मग हे नवं लुगडं?"

"आज मंगळवार ना," त्या म्हणाल्या, आणि आत जायला भिंत चाचपू लागल्या.